लाल पुस्तकातली नदी

नदीवर जाऊन फजिती करून घेणारी माणसं मला कळतच नाहीत. नदी म्हणजे काय? पाणी! ते वरून खाली जातं. आपण त्याच्यावर बसायचं आणि त्याच्याबरोबर जायचं. यात चुकण्यासारखं आहे काय? चुकतात ती माणसं आधी वाचत नाहीत, एवढंच. मी सत्तावीस वर्षं वाचनालयाच्या संदर्भ विभागात आहे. संदर्भ विभाग म्हणजे जिथली पुस्तकं तिथंच बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत, तो. आजवर मी एकही काम आधी पुस्तक बघितल्याशिवाय केलेलं नाही, आणि एकही काम बिघडू दिलेलं नाही!

"आणि ती भिंतीवरची फळी?" आमच्या हिनं विचारलं.

फळी मी पुस्तकात बघूनच ठोकली होती. पुस्तक लाकडी भिंतींचं होतं आणि आमची भिंत विटांची निघाली, याला मी काय करणार?

"बरं, ते जाऊ दे. पोहता येतं का तुम्हाला?"

"पोहण्यावर तीन पुस्तकं आहेत आमच्याकडे."

"मी ते नाही विचारलं."

"तिन्ही वाचलीत!"

तिनं कपाटातून माझा सगळ्यात जुना शर्ट काढला आणि "हा भिजला तरी चालेल" असं म्हणून खुर्चीवर ठेवला. हा अविश्वास मी लग्नापासून सोसतो आहे.

बेत ठरला तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत, चहा पिता पिता. आम्ही चौघं तिथं रोज असतो. एक मी. दुसरे आमचे बाइंडर, त्यांना सगळे डिंकराव म्हणतात. फाटलेलं काहीही दिसलं की यांचा हात खिशातल्या सुई-दोऱ्याकडे जातो. तिसऱ्या देवघेवीच्या खिडकीवरच्या ताई. सही घेतल्याशिवाय कुणाच्या हातात काही देत नाहीत. घरी नवऱ्याला छत्री देतानासुद्धा "परत कधी?" म्हणून विचारतात म्हणे! आणि चौथे हळूभाऊ. हे वर्तमानपत्रांच्या खोलीत बसतात. कुणी जरा मोठ्यानं बोललं, खुर्ची सरकवली, नुसतं पान जोरात उलटलं, तरी ओठांवर बोट ठेवून "हळू!" म्हणायचं, हे यांचं काम. देह असा की दारातून तिरकं व्हावं लागतं आणि आवाज असा की शेजारच्यानं कान पुढं करावा.

खरं सांगायचं तर आम्हा चौघांचेही आवाज तसेच झालेत. वीस-पंचवीस वर्षं कुजबुजत काढल्यावर गळ्याचा मोठ्या आवाजाचा भाग वापरावाचून गंजतो. मी फोन केला की पलीकडचा माणूस "काही ऐकू येत नाही" म्हणून ठेवून देतो.

"एकदा होडीतून लांबवर जावं असं फार वाटतं," हळूभाऊ त्या दिवशी चहात बघत म्हणाले. या माणसानं पंचवीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मला एकदम भरून आलं.

"मग जाऊ या की!" मी म्हटलं. "येत्या रविवारी! आपल्याकडे आपल्या नदीचं अख्खं पुस्तक आहे!"

तेच ते लाल पुस्तक. लाल कापडी बांधणी, आत घडीचा नकाशा, आणि नदीचं एकूण एक वळण, खडक, खानावळ क्रमानं लिहिलेली. जुनं होतं, हे मान्य. पण जुनी पुस्तकं लिहिणारे लोक काळजीनं लिहायचे. अडचण एकच होती. पुस्तक संदर्भ विभागातलं! पहिल्याच पानावर माझ्या हातचा शिक्का, "बाहेर नेण्यास मनाई". त्याच्या नकला काढाव्यात म्हटलं, तर जुन्या पुस्तकांना यंत्राखाली दाबायचं नाही हा नियम. तोही माझाच.

आणि त्यात सोमवारी सकाळी दहाला वार्षिक पडताळणी सुरू होणार होती, ती माझ्याच विभागापासून. पडताळणी करणार आमच्या नव्या मुख्य ग्रंथपाल मॅडम. या मॅडम एके काळी माझ्याच हाताखाली शिकल्या. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी एक कोश माझ्याकडे मागितला होता, फक्त एका रात्रीपुरता. मी दिला नाही. वर "नियम म्हणजे नियम, मुली!" असं चारचौघांत सुनावलं. आता सोमवारी दहाला फडताळात एका पुस्तकाची जागा रिकामी दिसली, किंवा त्या पुस्तकावर पाण्याचा एक डाग दिसला, तर मॅडम मला काही बोलणार नाहीत. नुसत्या बघतील. ते बघणं मला नको होतं.

"सही करा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी पुढं केली.

"अहो ताई, आपण हे गुपचूप नेतोय! गुपचूप न्यायला सही कसली?"

"मग तर हवीच. परत कधी?"

"रविवारी संध्याकाळी."

"सोमवार, सकाळी नऊ पन्नास," त्यांनी लिहिलं, माझी सही घेतली आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकून चेन लावली. डिंकरावांनी रातोरात मेणकापडाची दुहेरी पिशवी शिवून आणली.

"यात घालून पाण्यात सोडलं तरी कोरडं येईल," ते अभिमानानं म्हणाले.

"सोडायचं नाहीये!" मी म्हटलं.

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं, नदी शांत होती आणि होडीवाला बोलका होता. "बिनधास्त जा," तो म्हणाला. "पाच वाजता खालच्या पुलापाशी माझा माणूस होडी ताब्यात घेईल. मध्ये कुठं काही अडचण नाही. फक्त टायरचं दुकान दिसलं की सांभाळा. त्याच्या पुढं बंधारा आहे. आधीच डाव्या काठाला लागा, गवतावरून होडी दहा पावलं ओढा, की झालं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं, नकाशा उलगडला आणि नीट पाहिलं. "बंधारा नाहीये," मी म्हटलं.

"आहे."

"यात नाही."

"त्यात नसेल," त्यानं हात लांब करून नदी दाखवली, "तिच्यात आहे."

माणूस सज्जन होता, पण वाचन कमी. मी वाद घातला नाही.

आम्ही बसलो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सर्वांत वजनदार माणूस मध्यभागी, म्हणजे हळूभाऊ. ताई आणि डिंकराव मागे. मी पुढं. माझ्या हाती पुस्तक असल्यामुळे माझं वल्हं मी पायाशी ठेवलं. मार्गदर्शन करणाऱ्यानं वल्हवत बसायचं नसतं.

"पान बावीस!" मी वाचलं. "'वल्हे पाण्यात लंबरूप बुडवून, देहाचा भार किंचित मागे झोकून, समतोल गतीने ओढावे!'"

दोघांनी ओढलं. ताई एकेक वल्हं शिक्का मारावा तसं नेमकं आणि पटकन मारत होत्या. डिंकराव खळ लावल्यासारखं लांबवर, हळुवार फिरवत होते. होडी सुरू झाली आणि जागच्या जागी गोल फिरली! होडीवाल्यानं आम्हाला हात हलवून निरोप दिला. दुसऱ्या फेरीत परत दिला. चौथ्या फेरीला तो खुर्ची आणायला आत गेला.

शेवटी हळूभाऊंनी माझ्या पायाशी पडलेलं तिसरं वल्हं उचलून मधूनच पाण्यात घातलं आणि होडी निमूटपणे मार्गाला लागली. पुस्तकात मधल्या माणसानं वल्हवण्याबद्दल काहीही नव्हतं, पण मी कानाडोळा केला.

तासभर मजेत गेला. मग एकोणतिसावं पान आलं आणि माझा आवाज आपोआप खाली गेला.

"'येथून पुढे नदी भयंकर रौद्र रूप धारण करून खडकांवरून कोसळते. शहाण्या प्रवाशाने दोन वळणे आधीच होडी खांद्यावर घ्यावी व उजव्या काठाने पाऊण मैल चालावे. अनेकांनी हा सल्ला मानला नाही. त्यांची नावे परिशिष्टात दिली आहेत.'"

"परिशिष्ट काढा," डिंकराव म्हणाले.

मी परिशिष्ट वाचलं. सातव्या नावाला ताईंनी वल्हं आत घेतलं.

नदी समोर ताटात ओतलेल्या पाण्यासारखी पसरली होती. एक बदक झोपलं होतं.

"आवाज येत नाहीये हो धबधब्याचा," डिंकराव म्हणाले.

"मग? आवाज येतो असं पुस्तकात कुठं लिहिलंय?"

हे सगळ्यांना पटलं. आम्ही उजव्या काठाला लागलो, होडी उलटी केली आणि डोक्यावर घेतली. होडी पाण्यात असते तेव्हा तिला वजन आहे असं वाटतच नाही. काठावर ती एकदम वयात येते! पुढं मी, मागं डिंकराव, मध्ये हळूभाऊ. खरं म्हणजे होडी हळूभाऊंनीच उचलली होती, आम्ही दोघं तिला लोंबकळून चाललो होतो. ताई वल्ही मोजून बरोबर घेऊन येत होत्या. मला फक्त माझे बूट आणि समोरचं हातभर गवत दिसत होतं.

त्या हातभर गवतात थोड्या वेळानं एक घडीची खुर्ची आणि दोन पाय आले. गळ टाकून बसलेला एक गृहस्थ होता.

"फुटली का होडी?" त्यानं विचारलं.

"नाही," मी होडीखालून म्हटलं.

"मग?"

"पुढं धबधबा आहे."

तो उठून उभा राहिला असावा. नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं असावं, खालच्या अंगाला पाहिलं असावं. मग त्यानं आपली खुर्ची आमच्यापासून चार हात लांब नेऊन मांडली.

पुढं तर कहरच झाला! आमच्या शेजारून, पाण्यातून, आमच्याच चालीनं एक होडी येऊ लागली. तीत दोन आजीबाई होत्या. एक वल्हवत होती आणि दुसरी लोकरीचं काहीतरी विणत होती.

"काय हो," विणणाऱ्या आजी म्हणाल्या, "होडीला पाय मोकळे करायला काढलंय का?"

"आजी, काठाला लागा! पुढं धोका आहे!" मी जीव तोडून ओरडलो. म्हणजे मला तसं वाटलं. आजींनी कानामागं हात धरला, "काय म्हणतो गं तो?" असं दुसरीला विचारलं आणि दोघी हसत हसत वळणापलीकडे गेल्या. मी मनातल्या मनात त्यांची नावं परिशिष्टाच्या शेवटी लिहून टाकली.

पाऊण मैल संपला. आम्ही होडी खाली ठेवली आणि धापा टाकत नदीकडे पाहिलं. ती जशी सकाळपासून होती तशीच होती. वळणापलीकडे आजींची होडी संथपणे चालली होती.

"सर," ताईंनी विचारलं, "धबधबा कुठं होता?"

"आपण चुकवला!" मी छाती पुढं काढून म्हटलं. "चुकवला म्हणून तर दिसला नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हळूभाऊंनी होडी एकट्यानंच पाण्यात ढकलली.

आता सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. डबे कुणीच आणले नव्हते, कारण डबे आणू नका असं मीच बजावलं होतं. पान चौतिसावर खानावळ होती! "'गरम रस्सा, ताजी भाकरी, प्रवाशांस मुबलक आणि हसतमुख वाढणे.'" वाटेत मी हे तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी डिंकराव म्हणाले, "आता पुरे हो सर, पोटात आवाज होतोय."

नकाशात ठिपका होता नेमक्या त्या जागी घर होतं. पुस्तक चुकत नाही! फक्त त्या घरासमोर काळ्या टायरांचे ढीग लागले होते आणि आत हवा भरायचं यंत्र धडधडत होतं.

"टायरचं दुकान," ताई म्हणाल्या. "होडीवाला म्हणाला होता ना..."

"आधी जेवू, मग बघू," मी म्हटलं.

डिंकरावांनी होडी काठावरच्या खुंटाला बांधली. ताईंनी तिन्ही वल्ही काखेत मारली. "मी काही उघड्यावर ठेवत नाही," त्या म्हणाल्या. हळूभाऊंचे खांदे दुखत होते, ते म्हणाले मी इथंच पडतो. मी पिशवी त्यांच्या हाती दिली. "पुस्तकाला जपा हं!" होडीच्या तळाशी ते मजेत आडवे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी वर्तमानपत्रांच्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं.

टायरवाला मोठा दिलदार निघाला. दिवसभर यंत्राच्या धडधडीत काम करून त्याचा आवाज असा झाला होता की त्यानं "या!" म्हटलं आणि ताईंच्या हातातलं एक वल्हं पडलं.

"खानावळ? माझ्या आजोबांच्या आधी होती म्हणतात! पण उपाशी नाही पाठवणार! पाव आहे, उकडलेली अंडी आहेत, चहा टाकतो! बसा त्या टायरवर!"

आम्ही टायरवर बसून पाव-अंडी खाल्ली. हळूभाऊंसाठी चार अंडी बाजूला काढली. मध्ये एकदा ताई म्हणाल्या, "कुणी शुक् शुक् केलं का हो?" पण यंत्राच्या आवाजात काय कळणार! मग चहा झाला. निवांतपणे बाहेर आलो.

खुंट होता. होडी नव्हती.

"गाठ सुटली?" मी डिंकरावांकडे वळलो.

"सुटणारच," ते शांतपणे म्हणाले. "आमची गाठ घट्ट मारायची नसते. घट्ट मारली तर पुस्तक पूर्ण उघडत नाही."

नदीच्या मधोमध, खाली बऱ्याच अंतरावर, होडी तरंगत चालली होती. तीत हळूभाऊ उभे होते आणि एक हात जोरानं हलवत होते. तोंड मोठ्ठं उघडत होतं, मिटत होतं. आवाज काहीही नाही! नंतर त्यांनी शपथेवर सांगितलं की ते दहा मिनिटं बेंबीच्या देठापासून ओरडत होते. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.

आणि त्यांच्या पुढं, साधारण दोनशे पावलांवर, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ रेघ होती. रेघेपलीकडे पाणी दिसतच नव्हतं.

"बंधारा," डिंकराव म्हणाले.

"पुस्तक!" मी म्हटलं.

"माणूसही आहे त्यात," ताई म्हणाल्या.

आता मला कबूल केलं पाहिजे, की माणूस आधी म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं. पण माणसाच्या अंगात होडीवाल्यानं दिलेलं लाइफ जॅकेट होतं हो! पुस्तकाला नव्हतं! मला डोळ्यांसमोर सोमवारचे दहा दिसले, लगदा झालेला घडीचा नकाशा दिसला आणि मॅडमचं ते बघणं दिसलं. आम्ही काठानं धावत सुटलो. धावता धावता तिघांनी हाका मारल्या. ताईंच्या तोंडून आलं, "अहो, जरा इकडे बघता का?" डिंकरावांच्या तोंडून नुसतीच हवा आली. आम्हाला ओरडताच येईना! तिघं धडधाकट माणसं, आणि मिळून एक हाक होईना!

मागून टायरवाला धावत आला. "काय झालं?"

"त्यांना सांगा," मी धापा टाकत कुजबुजलो, "डाव्या काठाकडे या."

"ओ दादा! डाव्या काठाकडे या!" काठावरची झाडं हलली.

हळूभाऊंनी रिकामे हात दाखवले.

"वल्ही कुठायत?" टायरवाल्यानं विचारलं. ताईंनी काखेतली तिन्ही वल्ही पुढं केली. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं डोळे बारीक करून होडीकडे पाहिलं. "त्यांच्या काखेत काहीतरी लाल आहे! फळकूट आहे का? दादा! त्या लाल फळकुटानं वल्हवा! फळकुटानं!"

हळूभाऊंनी काखेतलं पुस्तक हातात घेतलं. आडवं पडल्या पडल्या वाचायला म्हणून पिशवीतून काढलं असणार. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. खाली वाकले.

"नाऽऽऽही!"

हा आवाज कुणाचा, हे मला दोन क्षण कळलं नाही. टायरवाल्यानं कानांवर हात ठेवले. पलीकडच्या काठावरचे पक्षी उडाले. सत्तावीस वर्षं आत साठलेला सगळा आवाज एका शब्दात बाहेर पडला होता आणि तो माझा होता!

हळूभाऊ ताडकन सरळ झाले. पुस्तक छातीशी धरलं. त्यांची नजर मला शोधू लागली, सापडलो तशी कपाळाला आठी पडली, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला दटावलं, "हळू!"

आणि त्याच क्षणी होडी बंधाऱ्यावरून पलीकडे गेली.

मी मागचा-पुढचा विचार केला नाही. पोहण्यावरच्या तिन्ही पुस्तकांतलं पहिलं वाक्य आठवलं, दुसरं आठवलं नाही, आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला धाडकन उडी मारली! एका हातानं पाणी तोडत, एक हात पुस्तकासाठी वर धरून, नाकातोंडात पाणी जात, बुडत, वर येत मी झुंजू लागलो.

"सर," वरून ताईंचा आवाज आला, "उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं.

बंधारा म्हणजे गुळगुळीत दगडी उतार होता, पुरुषभरही उंच नसेल. होडी त्यावरून सुळ्ळकन घसरून खालच्या वाळूत अलगद बसली होती. आत हळूभाऊ, डोक्यावर दोन्ही हातांनी पुस्तक धरलेलं, अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. आणि हसत होते! इतके हसत होते की होडी हलत होती.

"सर," ते म्हणाले, आणि प्रथमच काठापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं, "परत एकदा जायचं?"

मी सगळ्यात आधी पुस्तक तपासलं. पान न् पान कोरडं! नकाशा कोरडा! मग मीही त्या वाळूत फतकल मारून हसायला लागलो. त्या दिवशी नदीत पडलेला एकमेव माणूस मी. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

"पुस्तक माझ्याकडे जमा," ताई म्हणाल्या. त्यांनी ते पिशवीत घातलं, पिशवी पर्समध्ये घातली आणि माझ्या हातात वल्हं दिलं. टायरवाल्यानं हळूभाऊंची चार अंडी आणून दिली आणि नदीपार ऐकू जाईल असा निरोप दिला.

तिथून पुलापर्यंतचे दोन तास कसे गेले सांगू? कुठलं वळण येणार, मला माहीत नव्हतं. समोरचा खडक कोणत्या पानावर आहे, माहीत नव्हतं. ऊन पाठीवर घेत आम्ही वल्हवत होतो. हळूभाऊ अंडी खात कसलंसं जुनं गाणं गुणगुणत होते, आणि ते चक्क ऐकू येत होतं. डिंकरावांना एका झाडाखाली कुणाचं तरी हरवलेलं वल्हं दिसलं, ताईंनी ते नोंद करून घेतलं. पुलाच्या अलीकडे आजीबाईंची होडी दिसली. विणकाम बरंच पुढं गेलं होतं. "आता मोकळं सोडलं वाटतं तिला पाण्यात!" आजी म्हणाल्या. मी अगदी मोठ्यानं "हो!" म्हटलं. मला वाटतं मी इतका सुखात बऱ्याच वर्षांत नव्हतो.

सोमवारी नऊ पन्नासला पुस्तक फडताळात होतं. ताईंनी चिठ्ठी फाडली. दहाला मॅडम नोंदवही घेऊन आल्या. मी टेबलाशी बसून एकेक पुस्तक फडताळातून काढत दाखल क्रमांक वाचत होतो, त्या खूण करत होत्या. लाल पुस्तक आलं. मी मोठ्या ऐटीत, अगदी नेहमीच्या सुरात क्रमांक वाचला.

मॅडमचं पेन थांबलं. "सर, हा क्रमांक नाहीये."

"नाही म्हणजे?"

"नोंदवहीत आडवी रेघ आहे. हे पुस्तक आपल्या संग्रहात नाहीच." त्यांनी मागची पानं उलटून बाद पुस्तकांची यादी काढली. "हं, हे बघा. नऊ वर्षांपूर्वीच बाद केलंय. फडताळातून काढायचं तेवढं राहिलेलं दिसतंय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय..." आणि त्यांनी वाचलं. "'मजकूर अत्यंत जुना. धबधबा, खानावळ इत्यादी आता अस्तित्वात नाहीत. नवीन बंधाऱ्याचा उल्लेख नाही. हे पुस्तक घेऊन कोणी नदीवर गेल्यास त्याची फजिती होईल.'"

खाली सही होती. टपोरी, वळणदार, शेवटी दोन टिंबं दिलेली. आमच्या वाचनालयात अशी सही एकच माणूस करतो.

खिडकीपलीकडे ताईंना एकाएकी खोकल्याची उबळ आली. वर्तमानपत्रांच्या खोलीतून कुणीतरी "हळू!" म्हणालं.

"बरं झालं सर, तुमच्या वेळीच लक्षात आलं," मॅडम मनापासून म्हणाल्या. "नाहीतर एखादा साधाभोळा माणूस खरंच विश्वासानं घेऊन गेला असता."

"हो ना," मी म्हटलं, आणि दोन्ही पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले. बुटांची माझ्याकडे एकच जोडी आहे, आणि ती अजून वाळली नव्हती.